रसौषधींचे प्रमाणीकरण

रसौषधींचे प्रमाणीकरण म्हणजे पारा, गंधक, धातू, खनिजे, रत्ने आणि सागरी कवचे यांपासून तयार होणाऱ्या आयुर्वेदीय औषधांची ओळख, शुद्धता, रासायनिक घटना व निर्मितिपद्धती यांची निश्चित मानके ठरविणे आणि तयार होणारी प्रत्येक बॅच त्या मानकांवर पारखून घेणे होय. आयुर्वेदाच्या ज्या शाखेत या औषधांचा विचार केला जातो, तिला रसशास्त्र म्हणतात. ‘रस’ या शब्दाचा येथे मुख्य अर्थ पारा असा आहे. भस्मे, पिष्टी, पर्पटी, कूपीपक्व रसायने, खल्वी रसायने, तसेच लोह व मंडूर यांचे कल्प हे रसौषधींचे प्रमुख प्रकार आहेत.

वनस्पतिज औषधांपेक्षा रसौषधींच्या प्रमाणीकरणाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. वनस्पतिज औषधात शिसे किंवा पारा आढळल्यास ती भेसळ अथवा प्रदूषण ठरते. रसौषधीत मात्र तोच धातू हेतुपुरस्सर घातलेला घटक असू शकतो. त्यामुळे औषधात धातू आहे की नाही, एवढ्या तपासणीने निर्णय होत नाही. तो कोणत्या संयुगाच्या रूपात आहे, किती आहे, त्यातील किती भाग प्रक्रियेविना मोकळा राहिला आहे आणि मूळ द्रव्याबरोबर नको असलेले दुसरे धातू आले आहेत काय, हे सर्व पाहावे लागते. त्याचबरोबर, एखादे औषध मानकांनुसार आहे याचा अर्थ ते निर्धोक किंवा गुणकारी असल्याचे सिद्ध झाले, असा होत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

चरक व सुश्रुत या संहितांत धातूंच्या औषधी उपयोगाचे उल्लेख आहेत; परंतु तेथे भर वनस्पतिज द्रव्यांवर आहे. पारदाला केंद्रस्थानी ठेवणारे रसशास्त्र मध्ययुगात विकसित झाले. रसहृदयतंत्र, रसार्णव, रसेंद्रचूडामणि व रसरत्नसमुच्चय हे या परंपरेतील महत्त्वाचे ग्रंथ होत. शार्ङ्गधरसंहितेतही धातूंच्या शोधन-मारणाचे विवेचन आढळते. विसाव्या शतकातील सदानंद शर्मा यांच्या रसतरंगिणी या ग्रंथात जुन्या प्रक्रियांची मांडणी अधिक सुसूत्रपणे केलेली आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ व १९०९ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केलेल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासामुळे या ग्रंथांतील रासायनिक ज्ञानाकडे आधुनिक शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले गेले.

पूर्वी वैद्य आपली औषधे बहुधा स्वतःच्या देखरेखीखाली तयार करीत. औषध करणारा, ते देणारा आणि त्याचा परिणाम पाहणारा एकच असल्याने गुणवत्तेची जबाबदारीही त्याच्यावरच असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून औषधनिर्मितीचे कारखाने निघू लागले आणि करणारा व देणारा यांची फारकत झाली. औषध डबीतून शेकडो मैल दूरच्या रुग्णाकडे जाऊ लागले. डबीवरील नाव आणि आतील द्रव्य यांची सांगड घालणारी सार्वजनिक मानके आवश्यक ठरली, ती या बदलामुळे.

निर्मितिप्रक्रिया आणि बदलाच्या जागा

भस्माच्या निर्मितीत शोधन, भावना व मारण असे प्रमुख टप्पे असतात. या प्रत्येक टप्प्यावर अंतिम द्रव्य बदलू शकते; म्हणून प्रमाणीकरणाची सुरुवात तयार भस्मापासून नव्हे, तर कच्च्या द्रव्यापासून करावी लागते.

कच्चे द्रव्य. एकाच नावाने मिळणाऱ्या खनिजाची घटना खाणीगणिक वेगळी असते. भस्मासाठी कृष्णवर्णी वज्राभ्रक घ्यावे असे ग्रंथ सांगतात. बाजारात अभ्रकाच्या अन्य जातीही मिळतात. सुवर्णमाक्षिकात तांबे, लोह व गंधक यांचे प्रमाण कमी-अधिक असते. खनिजांत शिसे व आर्सेनिक नैसर्गिकरीत्या मिसळलेले असू शकतात.

शोधन. धातूंच्या सामान्य शोधनात त्यांचे पातळ पत्रे लाल होईपर्यंत तापवून तिळाचे तेल, ताक, गोमूत्र, कांजी व कुळथाचा काढा यांत क्रमाने, प्रत्येकी सात वेळा विझवितात. गंधक तुपात वितळवून दुधात ओततात. येथे शोधनाचा अर्थ केवळ रासायनिक शुद्धीकरण असा नाही. पुनःपुन्हा तापविल्याने व विझविल्याने धातू ठिसूळ होतो, त्याला तडे जातात आणि पुढील प्रक्रियेसाठी तो अनुकूल बनतो. काही बाह्य अशुद्धी निघून जातात, तर विझविण्याच्या द्रवातील काही घटक त्यात येतात.

भावना. शोधित द्रव्य कोरफड, त्रिफळा, रुई, लिंबू इत्यादींच्या रसात किंवा काढ्यात खलात घोटतात. वनस्पतीची जात, तिचा ताजेपणा, रसाचे प्रमाण आणि घोटण्याचा काळ यांवर कणांचा आकार व नंतर होणारी रासायनिक क्रिया अवलंबून असते. भस्माचे प्रमाणीकरण म्हणूनच वनस्पतींच्या प्रमाणीकरणापासून वेगळे काढता येत नाही.

मारण. भावना दिलेल्या द्रव्याच्या वड्या करून त्या वाळवितात. मातीच्या दोन परळांत त्या ठेवून सांधा कापडमातीने लिंपतात आणि या शरावसंपुटाला अग्नी देतात. या अग्नीला पुट म्हणतात. कपोतपुट, कुक्कुटपुट, वराहपुट, गजपुट, महापुट असे पुटाचे लहानमोठे प्रकार खड्ड्याच्या मापावरून व रानगोवऱ्यांच्या संख्येवरून ठरतात. गजपुटासाठी सुमारे एक हजार रानगोवऱ्या सांगितल्या आहेत. अशा पुटात तापमान हळूहळू वाढते, काही काळ उच्च पातळीवर राहते आणि संपुट आपोआप थंड होईपर्यंत अनेक तास उतरत जाते. गोवऱ्यांच्या जागी विजेची भट्टी वापरायची असेल, तर केवळ कमाल तापमान जुळवून भागत नाही; तापण्याचा व निवण्याचा हा सारा क्रम जुळवावा लागतो. पुटांची संख्याही महत्त्वाची असते. शतपुटी व सहस्रपुटी अभ्रकभस्म ही नावे त्या संख्येवरूनच पडली आहेत.

मारणासाठी वापरलेले द्रव्य निराळे असेल, तर एकाच नावाची दोन भस्मे रासायनिक दृष्ट्या निराळी असतात. ग्रंथांनी धातूंच्या मारणासाठी पारद श्रेष्ठ, वनस्पती मध्यम व गंधक कनिष्ठ असे तारतम्य सांगितले आहे. तांब्याचे मारण कज्जलीसह केल्यास त्यात तांब्याची सल्फाइडे व ऑक्साइडे दोन्ही मिळू शकतात. नागभस्म, म्हणजे शिशाचे भस्म, करण्याच्या एका प्रचलित पद्धतीत मनशीळ वापरतात. मनशीळ हे आर्सेनिकचे सल्फाइड असल्याने त्या भस्मात शिशाबरोबर आर्सेनिकचा अवशेष किती उरला, हेही तपासावे लागते. केवळ वनस्पतींच्या साहाय्याने केलेल्या नागभस्मात हा प्रश्न वेगळा असतो. डबीवर मात्र दोहोंचे नाव ‘नागभस्म’ असेच राहते.

कूपीपक्व रसायनांची रीत भस्मांहून भिन्न आहे. शुद्ध पारा व गंधक एकत्र घोटून प्रथम काळी कज्जली करतात. सात कापडमात्या केलेल्या काचकुपीत ती एक तृतीयांशापर्यंत भरून कुपी वालुकायंत्रात ठेवतात आणि मंद, मध्यम व तीव्र अशा क्रमाने अग्नी देतात. जादा गंधक जळून गेल्यावर कुपीचे तोंड बंद करतात आणि कुपीच्या गळ्याशी जमलेला रससिंदूर काढून घेतात. कज्जली व रससिंदूर ही दोन्ही मुख्यत्वे पाऱ्याची सल्फाइडेच असतात. परंतु त्यांची स्फटिकरचना वेगळी असते आणि म्हणून एक काळी व दुसरा तांबडा दिसतो. एकूण पारा मोजणाऱ्या चाचणीला हा भेद दिसत नाही. कुपीचे तोंड लवकर बंद केल्यास गंधक शिल्लक राहतो व कुपी फुटण्याचा धोका असतो. उशीर झाल्यास पारा वाफेच्या रूपाने निघून जातो. पाऱ्याची वाफ विषारी असल्यामुळे हा प्रश्न जसा औषधाच्या गुणवत्तेचा, तसाच भट्टीवर काम करणाऱ्यांच्या आरोग्याचाही आहे.

सागरी द्रव्यांतही हाच भेद आढळतो. मोती, शंख, कवडी व मोत्याची शिंपली ही मूलतः कॅल्शियम कार्बोनेटची असतात. मोती गुलाबपाण्यात घोटून केलेल्या पिष्टीत हे संयुग बहुतांशी तसेच राहते. शंख तीव्र अग्नीवर भाजल्यास त्याचा चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, होतो. हे भस्म उघडे राहिल्यास हवेतील ओलावा व कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा बदलते. अशा औषधाच्या बाबतीत साठवण आणि डबीचे झाकण हेही गुणवत्तेचे भाग ठरतात.

पारंपरिक कसोट्या

भस्म सिद्ध झाले किंवा नाही हे पाहण्यासाठी ग्रंथांत अनेक परीक्षा दिलेल्या आहेत. त्यांपैकी प्रमुख पुढीलप्रमाणे :

रेखापूर्णता : भस्म अंगठा व तर्जनी यांत चोळल्यावर ते बोटांच्या रेषांत भरून राहावे. यावरून कणांचा सूक्ष्मपणा कळतो.

वारितरत्व : स्थिर पाण्यावर सोडलेले भस्म तरंगावे. पाण्याचा पृष्ठताण अतिसूक्ष्म कणांना पेलून धरतो, म्हणून जड धातूचे भस्मही तरंगू शकते.

उनमता : तरंगणाऱ्या भस्माच्या थरावर धान्याचा दाणा ठेवल्यास तो बुडू नये.

निश्चंद्रता : उन्हात पाहिले असता धातूची किंवा अभ्रकाची चकाकी दिसू नये. मूळ द्रव्य अंशतः तसेच राहिले असेल, तर ते या परीक्षेत उघड होते.

अपुनर्भव : भस्मात गूळ, गुंजा, मध, तूप व टाकणखार हे मित्रपंचक मिसळून तापविल्यावर मूळ धातू पुन्हा प्रकट होऊ नये. ही मूलतः क्षपणाची चाचणी आहे. सेंद्रिय द्रव्यांपासून निर्माण होणारा कार्बन ऑक्साइडाचे पुन्हा धातूत रूपांतर करू शकतो आणि टाकणखार धातूचे कण एकत्र येण्यास मदत करतो.

निरुत्थ : भस्म चांदीच्या तुकड्याबरोबर तापविल्यावर चांदीचे वजन वाढू नये. मोकळा धातू शिल्लक असल्यास तो चांदीशी मिसळतो व वजन वाढते.

दधिपरीक्षा : ताम्रभस्म दह्यावर टाकून ठेवल्यास दह्याला हिरवट-निळसर छटा येऊ नये. तांब्याचा विरघळणारा अंश आम्लात उतरला, तर रंग बदलतो.

यांखेरीज भस्माला धातूची चव नसावी, ते दातांखाली कचकचू नये, निखाऱ्यावर टाकल्यास धूर येऊ नये, अशाही परीक्षा आहेत. प्रत्येक भस्माचा अपेक्षित रंगही सांगितलेला असतो. उदाहरणार्थ, अभ्रकभस्म विटकरी, तर लोहभस्म पिकलेल्या जांभळाच्या रंगाचे असावे.

या परीक्षा निरीक्षणावर आधारलेल्या असून त्यांपैकी काहींचे रासायनिक स्पष्टीकरण सहज देता येते. प्रक्रिया अपुरी राहिलेली भस्मे बाजूला काढण्यास त्या आजही उपयोगी पडतात. मात्र त्यांच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. त्या संख्यात्मक नाहीत. परीक्षकाच्या अनुभवानुसार निर्णय बदलू शकतो. दशलक्षांशांत असलेले आर्सेनिक किंवा कॅडमियम त्यांना कळत नाही. भस्म पाण्यावर तरंगते म्हणजे ते शरीरास अपायकारक नाही, असा निष्कर्षही त्यांतून निघत नाही.

प्रयोगशाळेतील कसोट्या

आधुनिक प्रयोगशाळेत रसौषधींची तपासणी अनेक बाजूंनी केली जाते. मूलद्रव्यांचे प्रमाण अणुशोषण वर्णपटमापन किंवा आयसीपी पद्धतीने मोजतात. क्ष-किरण विवर्तनाने स्फटिकरचना व त्यावरून संयुग ओळखता येते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कणांचा आकार व आकारमान दिसते. तापविल्यावर वजनात होणारा फरक, आम्लात न विरघळणारी राख, मोकळा पारा, मोकळा गंधक, ओलावा व सामू यांचीही नोंद घेतात. कोणतीही एक चाचणी पुरेशी नसते. मूलद्रव्यांच्या मापनाने ‘किती’ हे कळते, विवर्तनाने ‘कोणत्या रूपात’ हे कळते. परंतु स्फटिकरूप नसलेला किंवा अत्यल्प असलेला अंश विवर्तनातही निसटू शकतो.

नंबुरी हनुमंतराव यांनी विकसित केलेली नंबुरी बिंदुपरीक्षा ही जुन्या व नव्या पद्धतींना जोडणारी मानली जाते. भस्म आम्लात विरघळवून त्याचा थेंब रसायनाने भिजवून वाळविलेल्या कागदावर सोडतात आणि ठराविक कालांतराने उमटणाऱ्या रंगवलयांचे निरीक्षण करतात. विशिष्ट भस्माची वलये विशिष्ट प्रकारची असल्याने कमी खर्चात ओळख पटविण्यासाठी ही परीक्षा वापरतात.

कायदा आणि मानके

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० मध्ये १९६४ साली झालेल्या दुरुस्तीने आयुर्वेदीय व युनानी औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण जोडले गेले. त्यानुसार आयुर्वेदीय औषधाच्या निर्मितीस परवाना लागतो, तसेच अप्रमाणित, भेसळयुक्त व बनावट औषधांवर कारवाई करता येते. अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत प्रमाण ग्रंथांची यादी असून तीत रसरत्नसमुच्चय, रसतरंगिणी यांसारखे रसग्रंथही आहेत. महाराष्ट्रात या तरतुदींची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते.

केंद्र सरकारने १९६२ मध्ये आयुर्वेदीय औषधकोश समिती नेमली. १९७० मध्ये गाझियाबाद येथे भारतीय चिकित्सापद्धतींच्या औषधांसाठी प्रयोगशाळा स्थापन झाली. १९७८ मध्ये आयुर्वेदिक फॉर्म्युलरी ऑफ इंडिया या ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. त्यात कल्पांचे घटक व कृती एकत्र दिल्यामुळे निरनिराळ्या ग्रंथांतील पाठभेदांतून एक पाठ निवडण्याची सोय झाली. आयुर्वेदिक फार्माकोपिया ऑफ इंडियाच्या पहिल्या भागाचा सातवा खंड धातू व खनिजांना वाहिलेला आहे. २०१० मध्ये स्थापन झालेला औषधकोश आयोग २०२० मध्ये गाझियाबादच्या प्रयोगशाळांसह पुनर्रचित करण्यात आला.

उत्तम निर्मितिपद्धतीचे नियम ‘अनुसूची टी’ म्हणून २००० साली अधिसूचित झाले. जागा, यंत्रसामग्री, कच्चा माल, नोंदी व गुणवत्ता-नियंत्रण यांविषयी त्यात अटी असून रसौषधींसाठी पूरक मार्गदर्शक सूचनाही आहेत. भट्टीविभाग स्वतंत्र असणे, धूर व वाफा बाहेर काढण्याची व्यवस्था असणे आणि प्रत्येक बॅचच्या प्रक्रियेची नोंद ठेवणे यांवर त्यांत भर आहे.

‘अनुसूची ई-१’ मध्ये विषारी द्रव्यांची यादी असून पारा, हिंगूळ, हरताळ, मनशीळ, मोरचूद, रसकापूर व शेंदूर ही द्रव्ये तीत आहेत. ही द्रव्ये असलेल्या, पोटात घेण्याच्या औषधाच्या वेष्टनावर ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, असा इशारा इंग्रजी व हिंदीत ठळकपणे छापणे बंधनकारक आहे. घटकद्रव्ये, बॅच क्रमांक, उत्पादकाचे नाव-पत्ता व परवाना क्रमांकही वेष्टनावर असावे लागतात. या नोंदी नसलेली, सुट्या पुडीतून मिळणारी भस्मे प्रमाणीकरणाच्या व्यवस्थेबाहेर राहतात. त्यांच्या घटनेविषयी रुग्णास किंवा चिकित्सकास काहीही पडताळता येत नाही.

वनस्पतिज आयुर्वेदीय औषधांसाठी जड धातूंची कमाल मर्यादा ठरलेली आहे : शिसे १० पीपीएम, आर्सेनिक ३ पीपीएम, पारा १ पीपीएम व कॅडमियम ०.३ पीपीएम. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांतील एक भाग. निर्यात होणाऱ्या निव्वळ वनस्पतिज औषधांची ही तपासणी १ जानेवारी २००६ पासून सक्तीची करण्यात आली. रसौषधींना या मर्यादा जशाच्या तशा लावता येत नाहीत, हे एका साध्या गणिताने स्पष्ट होते. एखाद्या नागभस्मात वजनाने निम्मे शिसे आहे असे धरले, तर ते प्रमाण ५,००,००० पीपीएम होते आणि सुमारे १२५ मिलिग्रॅमच्या, म्हणजे एक गुंज मात्रेत ६२.५ मिलिग्रॅम शिसे जाते. वनस्पतिज औषधाच्या एक ग्रॅममध्ये परवानगी असलेले शिसे केवळ ०.०१ मिलिग्रॅम असते. दोन्ही आकड्यांतील ही तफावत पाहता, रसौषधीतील धातूचे रूप व त्याचे शरीरात होणारे शोषण यांचा पुरावा किती काटेकोर असावा लागेल, याची कल्पना येते.

महाराष्ट्रातील कार्य

महाराष्ट्रात रसौषधींच्या निर्मितीची मोठी परंपरा आहे. पनवेल येथे १८७२ मध्ये वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी सुरू केलेला धूतपापेश्वर हा कारखाना देशातील आरंभीच्या आयुर्वेदीय औषधनिर्मिती-संस्थांपैकी एक आहे. पुण्याची आयुर्वेद रसशाळा व साताऱ्याची आयुर्वेदीय अर्कशाळा यांनीही ही परंपरा पुढे चालविली. मुंबईत वास्तव्य असलेले वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी दुर्मीळ रसग्रंथांचे संपादन केले आणि रसामृतम् हा ग्रंथ लिहिला. अहमदनगरचे वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांच्या आयुर्वेदीय औषधिगुणधर्मशास्त्र या मराठी ग्रंथात रसौषधींचे गुणधर्म व उपयोग यांचे विस्तृत विवेचन आहे.

मीरा-भाईंदर परिसरातील उत्तन हे मच्छीमारांची वस्ती असलेले समुद्रकाठचे गाव आहे. येथील केशवसृष्टी प्रकल्पात वनौषधींची लागवड केली जाते. भावनेसाठी लागणाऱ्या वनस्पतींची ओळख पटवून त्या ज्ञात ठिकाणाहून मिळविणे हा रसौषधींच्या प्रमाणीकरणाचाही पहिला टप्पा असल्याने अशा लागवडीचा या विषयाशी जवळचा संबंध येतो.

राज्यातील संशोधनसंस्थांनी भस्मांच्या रासायनिक अभ्यासात लक्षणीय भर घातली आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांचा सहभाग असलेला ताम्रभस्माच्या निर्मितीचा व गुणधर्मांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुवर्णभस्माच्या अभ्यासात पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील संशोधक सहभागी होते. त्या नमुन्यातील सुवर्णाच्या स्फटिकांचे आकारमान सुमारे ५६-५७ नॅनोमीटर आढळले. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी जसदभस्माचा, म्हणजे जस्ताच्या भस्माचा, अभ्यास करून त्यात झिंक ऑक्साइडचे नॅनोकण असल्याचे २००९ मध्ये दाखविले.

या अभ्यासांमुळे भस्म म्हणजे केवळ जाळलेल्या धातूची राख, ही ढोबळ समजूत मागे पडली. तथापि त्यांचा अर्थ लावताना तारतम्य लागते. एका पद्धतीने केलेल्या एका नमुन्यावरील निष्कर्ष त्या नावाच्या सर्व भस्मांना लागू होत नाही. कण नॅनो आकाराचे आहेत, ही बाब स्वतःहून गुणकारीही नसते आणि निर्धोकही नसते. सूक्ष्म कणांचे शोषण अधिक होत असल्यास इष्ट परिणामाबरोबर अनिष्ट परिणामही वाढू शकतो.

सुरक्षिततेचा प्रश्न

२००४ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या ‘जामा’ या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. याच नियतकालिकात २००८ मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासात इंटरनेटवरून खरेदी केलेली १९३ उत्पादने तपासण्यात आली. सुमारे २१ टक्के उत्पादनांत हे धातू होते. रसौषधींत हे प्रमाण सुमारे ४१ टक्के, तर इतर उत्पादनांत सुमारे १७ टक्के होते. अमेरिकेत तयार झालेल्या व भारतात तयार झालेल्या उत्पादनांत फारसा फरक आढळला नाही.

या अभ्यासांत धातूंचे एकूण प्रमाण मोजले असून त्यांची संयुगे लक्षात घेतलेली नाहीत, असा आक्षेप रसशास्त्राच्या अभ्यासकांनी घेतला. हा आक्षेप पाऱ्याच्या बाबतीत विचारात घेण्याजोगा आहे. पाऱ्याचे सल्फाइड पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असून पाऱ्याची वाफ किंवा मिथिल पारा यांच्या तुलनेत त्याचे शोषण बरेच कमी होते. परंतु ‘कमी’ म्हणजे ‘शून्य’ नव्हे. शिवाय कज्जली अपुरी घोटली गेल्यास तीत मोकळा पारा शिल्लक राहू शकतो. रसौषधी नसलेल्या उत्पादनांत आढळलेल्या धातूंचे स्पष्टीकरण तर या आक्षेपाने होत नाही. तो कच्च्या मालातील प्रदूषणाचा किंवा भेसळीचा प्रश्न ठरतो.

शिशाच्या बाबतीत परिस्थिती अधिक गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातील शिशाची कोणतीही पातळी निर्धोक म्हणून ज्ञात नाही. शिशामुळे पोटात कळा येणे, पांडुता, मज्जासंस्थेचे व वृक्कांचे विकार होतात. गर्भ व लहान मुले यांना सर्वाधिक धोका असतो. भारतातून आलेली आयुर्वेदीय औषधे घेतलेल्या सहा गर्भवती स्त्रियांना शिशाची विषबाधा झाल्याची नोंद न्यूयॉर्क शहरात २०११-१२ मध्ये झाली व ती अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. अशा घटनांत औषध शास्त्रोक्त नव्हते, असे अनेकदा म्हटले जाते. परंतु ते शास्त्रोक्त होते की नव्हते हे ठरविण्यासाठीही बॅचची नोंद, घटनेचे मानक व तपासणीचा अहवाल हाताशी असावे लागतात. ते नसतील, तर औषधाचा बचावही करता येत नाही आणि दोष नेमका कोठे आहे हेही सांगता येत नाही.

औषधांच्या अनिष्ट परिणामांची नोंद ठेवण्यासाठी आयुष मंत्रालयाची औषधदक्षता योजना असून दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था तिचे राष्ट्रीय समन्वय केंद्र आहे.

मतभेद व मर्यादा

रसौषधींच्या प्रमाणीकरणाविषयी साधारणपणे तीन मते आढळतात. पहिल्या मतानुसार ग्रंथोक्त प्रक्रिया व परीक्षा यांचे काटेकोर पालन पुरेसे असून शतकानुशतकांचा वापर हाच पुरावा आहे. दुसऱ्या मतानुसार शिसे, पारा व आर्सेनिक यांचा औषधात वापरच नसावा. त्यामुळे त्यांच्या प्रमाणीकरणाचा प्रश्न गौण आहे. तिसऱ्या मतानुसार प्रत्येक कल्पाचा विचार स्वतंत्रपणे व्हावा. लोह, मंडूर, शंख किंवा मोती यांचे कल्प आणि शिसे किंवा आर्सेनिक असलेले कल्प यांना एकाच तागडीत तोलणे योग्य नाही.

पहिल्या मतातील अडचण अशी की, दीर्घकाळाने व सावकाश होणारे दुष्परिणाम केवळ परंपरागत अनुभवाने ओळखणे कठीण असते. पोटदुखी किंवा अशक्तपणा ही शिशाच्या विषबाधेची लक्षणे मूळ आजाराचीच समजली जाऊ शकतात. दुसऱ्या मतामुळे प्रत्यक्षात वापरात असलेल्या औषधांच्या गुणवत्तेचा प्रश्न सुटत नाही. तिसऱ्या मताचा स्वीकार केल्यास प्रथम मानक निश्चित करणे, नंतर त्या मानकाबरहुकूम तयार झालेल्या औषधाचा विषचिकित्सात्मक अभ्यास करणे आणि शेवटी रुग्णांवरील नियंत्रित चाचण्यांतून उपयुक्तता पाहणे, असा क्रम लागतो. हा क्रम उलटा लावता येत नाही. ज्याची घटनाच निश्चित नाही, अशा द्रव्याच्या चाचणीचा निष्कर्ष दुसऱ्या बॅचला लागू पडत नाही.

व्यावहारिक अडचणीही आहेत. क्ष-किरण विवर्तन किंवा आयसीपी यांची उपकरणे महाग असल्याने लहान उत्पादकांना बाहेरील मान्यताप्राप्त प्रयोगशाळांवर अवलंबून राहावे लागते. शंभर किंवा हजार पुटांची प्रक्रिया वेळखाऊ व खर्चिक असल्याने ती अपुरी सोडण्याचा मोह होऊ शकतो. म्हणून अशा भस्मांसाठी पुटांच्या नोंदी तपासता येणे आवश्यक असते.

पाऱ्याचा वापर मर्यादित करण्यासाठी २०१३ मध्ये स्वीकारलेला मिनामाता करार २०१७ मध्ये अमलात आला व भारताने २०१८ मध्ये त्यास अनुसमर्थन दिले. पारंपरिक किंवा धार्मिक प्रथांत वापरली जाणारी उत्पादने करारातील बंदीयोग्य उत्पादनांच्या यादीतून वगळलेली आहेत. त्यामुळे पारदयुक्त रसौषधींची निर्मिती कायदेशीर राहिली असून त्यांच्या गुणवत्तेची व सुरक्षिततेची जबाबदारी राष्ट्रीय मानके, परवाना देणारी यंत्रणा, उत्पादक आणि ती देणारा चिकित्सक यांच्यावर आहे.